पाण्याची वाट कोणाच्या ताब्यात?

मुंबईत पाणी तुंबलं की ते ओसरायच्या आतच हद्दीचा वाद सुरू होतो. रुळांवर पाणी आलं की महापालिका रेल्वेच्या कल्व्हर्टकडे बोट दाखवते आणि रेल्वे महापालिकेच्या नाल्याकडे. मेट्रोचं काम चालू असलेल्या रस्त्यावर तुंबलं तर मेट्रोचं महामंडळ आणि पालिका, म्हाडाच्या वसाहतीत तुंबलं तर म्हाडा आणि पालिका, रे रोड-शिवडीकडे तुंबलं तर बंदर प्राधिकरण आणि पालिका. कागदावर बहुतेक वेळा प्रत्येकाचं म्हणणं खरंच असतं. पण हिंदमात्याला, गांधी मार्केटला किंवा अंधेरी सबवेच्या तोंडाशी मांडीभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला त्या कागदांचा काडीचाही उपयोग नसतो. त्याला कामावरून घरी पोहोचायचं असतं.

माझ्या मते मुंबईच्या पुराचा प्रश्न आता नुसता पंपांचा किंवा उपसलेल्या गाळाचा राहिलेला नाही. पाऊस पडतो तिथपासून समुद्राला मिळेपर्यंत पाण्याच्या वाटेचा राखणदार कोण, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मुंबई महापालिका हेच असायला हवं. आणखी एखादं प्राधिकरण नको, आणखी एखादी समन्वय समिती तर नकोच. पालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्याला शहरातल्या कुठल्याही जमीनमालकाला, मग तो बिल्डर असो, राज्य सरकार असो की केंद्राचं खातं, ‘इथे भराव घालता येणार नाही, इथे पाण्याला जागा सोडावी लागेल’ असं बजावण्याचा कायदेशीर अधिकार हवा. तो मिळाल्यावर मात्र पाणी तुंबल्यावर दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय पालिकेलाही राहता कामा नये.

आधी पालिकेच्या पदरात तिचं माप टाकू. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुराने मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. त्या वेळी शहराच्या गटारांची ताकद तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याची होती, तीही ओहोटी असेल तर. 1985 च्या पुरानंतर तयार करून घेतलेला, मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा असलेला ब्रिमस्टोवॅड अहवाल 1993 पासून पालिकेच्या हातात होता. ही क्षमता तासाला 50 मिलिमीटरपर्यंत न्यावी, भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकणारी केंद्रं बांधावीत, नाले रुंद करावेत, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. पैसे नाहीत म्हणून तो बराचसा कपाटात राहिला. माणसं मेल्यावर कपाट उघडलं, जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीने पुराची कारणं शोधली, 2007 मध्ये केंद्राने बाराशे कोटी रुपये मंजूर केले आणि कामं सुरू झाली.

त्यातली बरीच उभी राहिली, हे मान्य करायला हवं. 2011 ते 2019 या काळात हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसून समुद्रात टाकणारी केंद्रं, चालू झाली. भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की या केंद्रांची दारं बंद होतात, म्हणजे समुद्राचं पाणी नाल्यातून उलटं शहरात शिरत नाही, आणि आतलं पाणी पंप उचलून बाहेर फेकतात. एकेक पंप सेकंदाला 6,000 लिटर पाणी उचलतो. ज्या शहरातली बहुतेक मोठी पातमुखं, म्हणजे नाले समुद्राला मिळतात ती तोंडं, भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, तिथे ही सोय आधीच असायला हवी होती. पर्जन्यमापकांचं जाळं आलं, कुलाब्याच्या जोडीला 2022 मध्ये वेरावलीला दुसरा डॉपलर रडार आला, पुराचा अंदाज देणारी आयफ्लोज यंत्रणा 2020 पासून आहे. 26 जुलैला लोक काही कल्पना नसताना घराबाहेर पडले होते. आज निदान तेवढं अज्ञान नाही.

हिंदमाताचंच बघा. परळ, लालबाग, नायगाव, दादर अशा चहूबाजूंनी उतार असलेला हा भाग बशीसारखा खोलगट आहे. इथल्या पाण्याला पूर्वेला ब्रिटानिया उदंचन केंद्रापर्यंत जायला मोठा पल्ला मारावा लागतो, आणि रस्त्यात रेल्वे आणि बंदराची जमीन आहे. केंद्र झाल्यावरही रस्त्यावर पाणी साचत राहिलं, तेव्हा पालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. पाऊस जोरात असेपर्यंत पाणी तिथे नेऊन साठवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. कल्पना चांगली आहे, कारण पाण्याला हुसकावून लावण्याआधी क्षणभर थांबायला जागा दिली पाहिजे, हे तिच्यात कबूल केलेलं आहे. पण 26 मे 2025 ला पाऊस नेहमीच्या 11 जूनच्या कितीतरी आधी मुंबईत दाखल झाला आणि हिंदमाता पुन्हा पाण्याखाली गेलं. काही ठिकाणचे छोटे पंप ठेकेदारांनी वेळेत चालू केले नव्हते, म्हणून पालिकेने चार ठिकाणच्या ठेकेदारांना प्रत्येकी 10 लाखांचा दंड केला. त्याच दिवशी वरळीच्या आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. ते स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

दंड झाला, बातमी झाली, पुढे काय? ठेकेदाराने पंप लावला नाही हे पाऊस पडल्यावर कळतं, याचा अर्थ पाऊस पडायच्या आधी ते बघणं कोणाचंच काम नव्हतं. जमीन पालिकेची, ठेका पालिकेचा, पंप पालिकेच्या नावावर, आणि तरीही ही गत. मग जिथे जमीनच दुसऱ्याची आहे तिथे काय होत असेल?

त्यासाठी मिठीच्या काठाने जाऊ. विहार आणि पवईच्या तलावांतून ओसंडलेलं पाणी घेऊन ही नदी जेमतेम 18 किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत मिळते. एवढ्याशा अंतरात तिचे मालक किती बदलतात ते बघा. तलाव पालिकेचे. आरेतली जमीन राज्याच्या दुग्धविकास खात्याची, त्यातला काही भाग मेट्रोच्या कारशेडला गेलेला. पुढे सीप्झ हे निर्यात उद्योगांचं क्षेत्र, मग मरोळ-साकीनाक्याच्या मागची कारखान्यांची आणि झोपड्यांची दाटी. मग विमानतळ. धावपट्टीसाठी नदीला तिथे काटकोनात वळवलेलं आहे, आणि वाहतं पाणी काटकोनात वळायला लावलं की ते आधी मागे फुगतं, हे सांगायला जलतज्ज्ञ लागत नाही. विमानतळाला वळसा घालून कुर्ल्यात, क्रांतीनगर या नदीकाठच्या वस्तीच्या पाठीशी. त्याखाली नदी एमएमआरडीएच्या, म्हणजे राज्याच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ताब्यात जाते. वांद्रे-कुर्ला संकुल हे मिठीच्या मुखाजवळच्या दलदलीवर आणि खारफुटीवर भराव घालून उभं राहिलं, आणि तेही एमएमआरडीएनेच उभं केलं. वाकोला नाला तिथेच मिळतो. शेवटी पश्चिम रेल्वेचा पूल आणि माहीमचा कॉजवे यांच्या कमानींखालून जेवढी वाट राहिली तेवढ्यातून समुद्र.

ऑगस्ट 2005 मध्ये राज्य सरकारने मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन केलं. हेतू नेमका हाच होता, एका नदीला एक मालक मिळावा. प्रत्यक्षात वरचे सुमारे 12 किलोमीटर पालिकेने आणि खालचे 6 किलोमीटर एमएमआरडीएने असं नदीच्या कामाचं वाटप झालं. पात्र रुंद झालं, खोल झालं, काठाला भिंती आल्या. या कामाची मोजदाद मीटरात आणि टनांत होत राहिली. तळाच्या टप्प्यात गाळ साचला तर त्याचा फुगवटा वरच्या टप्प्यात कुर्ल्यात दिसतो. पण त्या फुगवट्याला जबाबदार कोण, हे कुठेच लिहिलेलं नाही. मग दर मोठ्या पावसात क्रांतीनगरची माणसं पालिकेच्या शाळेत हलवली जातात, ऑगस्ट 2025 मध्येही हलवली गेली, आणि पाणी उतरलं की घरी परततात. तिथल्या घरांत जून लागला की फ्रिज लाकडी मांडणीवर चढतो, रेशनकार्ड, आधार आणि मुलांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर जातात, गॅसचा सिलिंडर दाराला दोरीने बांधला जातो. पुराची खरी पूर्वतयारी करणारी यंत्रणा तिथे हीच आहे: त्या घरातली बाई.

म्हणून नवं प्राधिकरण नको म्हणतो. ते करून झालेलं आहे. वरती आणखी एक खुर्ची ठेवली की खालच्या दोघांना बोट दाखवायला तिसरी जागा मिळते, एवढंच होतं.

नेदरलँड्समध्ये पाण्याची मंडळं आहेत, काही शतकं जुनी. लोक त्यांचे प्रतिनिधी मत देऊन निवडतात, मंडळ स्वतःचा कर बसवतं आणि बांध, कालवे, पंप त्यांच्या ताब्यात असतात. तो देश सपाट, पाऊस वेगळा, आपल्याला त्याची नक्कल करायची गरज नाही. पण पाणी सांभाळणारा माणूस मतदाराला जवळून दिसला पाहिजे, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्याकडे तशी संस्था आहेच. 227 नगरसेवक, कर बसवायचा अधिकार, 2025-26 मध्ये 74,427 कोटींचा अर्थसंकल्प. एमएमआरडीए, मेट्रो महामंडळ, रेल्वे, विमानतळ यांपैकी कोणालाही मुंबईचा मतदार मत देत नाही. मत देतो तो पालिकेला. जाब विचारायचा दरवाजा जिथे आहे, पाण्याचा अधिकार तिथेच हवा. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं पालिका प्रशासकाच्या हाती होती, तेव्हा तो दरवाजाही बंद होता. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली. निदान आता तरी वॉर्डातला माणूस कोणाचं तरी दार वाजवू शकतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो वजनदार आहे: ही पालिका? नालेसफाईत पैसे खाणारी? मे 2025 मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळाच्या कामात 65 कोटींच्या कथित गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला. त्यात ठेकेदारांबरोबर पालिकेच्या अधिकाऱ्यांचीही नावं आहेत. निकाल न्यायालय देईल. पण नालेसफाईवर मुंबईकराचा विश्वास फार आधीच उडालेला आहे, आणि त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं कारण आहे. एप्रिल-मेमध्ये नाल्यात पोकलेन उतरतो. काळा, वास मारणारा गाळ काठावर टाकला जातो, वाळावा म्हणून. पाणी निथळल्याशिवाय डंपर भरता येत नाही, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मग तो ढीग तिथेच राहतो. त्यावर आसपासच्या बांधकामाचा राडारोडा येऊन पडतो. वजनकाट्यावर काय तोललं गेलं, गाळ की राडारोडा, हे काट्याची पावती सांगत नाही. आणि वळवाची एक सर आली की काठावरचा अर्धा ढीग पुन्हा नाल्यात. वार्षिक गाळापैकी 80 टक्के पावसाळ्याआधी काढायचा असं पालिकेचं उद्दिष्ट असतं आणि मे संपताना ते पूर्ण झाल्याचं जाहीर होतं. उद्दिष्ट टनांचं आहे, म्हणून टन पुरे होतात. नाला किती खोल झाला, हे कोणी विचारत नाही.

माझं उत्तर असं की भ्रष्टाचाराला सगळ्यात मोठा आडोसा या विभागलेल्या जबाबदारीचाच आहे. पाणी तुंबण्याची शंभर कारणं सांगता येतात तोवर नाला साफ झाला नव्हता हे सिद्ध होत नाही. पैसे टनावर देऊ नका, खोलीवर द्या. सफाईच्या आधी आणि नंतर प्रत्येक मोठ्या नाल्याच्या तळाची पातळी मोजा आणि ती त्या वॉर्डाच्या कार्यालयाबाहेर मोठ्या फलकावर लावा. पंप किती वाजता सुरू झाला, किती वाजता बंद पडला, दारं कधी मिटली, याची नोंद पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत लोकांसमोर ठेवा. यातलं मोजायला अवघड काहीही नाही. प्रत्येक केंद्रावर ही नोंद ठेवणं सहज शक्य आहे.

दुसरा आक्षेप असतो की 944 मिलिमीटरला जगातलं कुठलं गटार पुरणार? नाही पुरणार. 8 जुलै 2024 च्या पहाटे काही भागांत सहा तासांत 300 मिलिमीटर पडला. म्हणजे सरासरीच तासाला 50 मिलिमीटर. मधल्या एखाद्या तासात त्याहून जोराची सर आली की ते गणित कोलमडतं. पण म्हणूनच नुसत्या पाइपांवर भिस्त ठेवता येत नाही. पाइपात न मावणारं पाणी जमिनीवर कुठेतरी थांबणार आहे. ते मैदानात थांबायचं, तलावात, खाजणात, मिठागरात, की सुमननगरच्या चाळीच्या खोलीत, हे आपण ठरवलं नाही तर भराव घालणारे ठरवतात.

आणि ते ठरवतच आहेत. आज इमारतीच्या परवानगीसाठी पर्जन्य जलवाहिन्या खात्याचा अभिप्राय लागतो, पण तो त्या भूखंडापुरता असतो: पाणी कुठल्या वाहिनीला जोडायचं, नाला वळवायचा तर रुंदी किती ठेवायची. शेजारी उठणाऱ्या पन्नास टॉवरांचं पोडियम आणि तळघरं मिळून त्या नाल्यावर काय भार पडेल, हे विचारायची तिथे सोय नाही. बीकेसीत नियोजन एमएमआरडीए करते, झोपडपट्टी योजनांचं एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, आणि मिठीला अगदी खेटून असलेल्या धारावीच्या पुनर्विकासाचं नियोजनही पालिकेकडे नाही. त्या पुनर्विकासातल्या लोकांसाठी 2024 मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांची सुमारे 256 एकर जमीन देण्याचा निर्णय झाला. पूर्व उपनगरात भरती आणि पाऊस एकत्र आल्यावर पसरायला उरलेल्या जागांपैकी ती एक आहे. धारावीकराला घर मिळायलाच हवं, याबद्दल दुमत नाही. पण त्या निर्णयाच्या टेबलावर शहराचं पाणी सांभाळणाऱ्या खात्याला नाही म्हणायचा अधिकार होता का? नव्हता. उलट माहुलचं उदंचन केंद्र, जे झालं तर गांधी मार्केट, किंग्ज सर्कल, वडाळा, चेंबूरच्या काही भागांना आधार मिळेल, ते मिठागर खात्याची जागा मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षं रखडलं. अंधेरीला उपयोगी पडणारं मोगरा केंद्र जमिनीच्या मालकीच्या वादात अडकलं. 2025 च्या पावसाळ्यातही दोन्ही केंद्रं चालू नव्हती. घरांसाठी मिठागर मिळतं, पंपासाठी मिळत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

पालिकेच्या स्वतःच्या घरातही हेच आहे. सुमारे 700 किलोमीटर रस्त्यांचं काँक्रिटीकरण चालू आहे. रस्ते खाते रस्ता बांधतं, पर्जन्य जलवाहिन्या खातं त्याच्या कडेची गटारं बघतं. कित्येक गल्ल्यांत रस्ता चाळीच्या उंबरठ्यापेक्षा वर गेला आहे. पूर्वी पाणी घरातून रस्त्यावर जायचं, आता रस्त्यावरचं घरात येतं. अशा खात्याला आधी स्वतःच्या इमारतीतल्या शेजारच्या खात्याला थांबवायचा अधिकार द्यावा लागेल, मग विमानतळाला.

लोक नाल्यात कचरा टाकतात, हेही खरं. पण जिथे घंटागाडी गल्लीत शिरत नाही तिथे हा उपदेश करायला मी धजणार नाही.

रुळांखालून सूक्ष्म बोगदा काढून सँडहर्स्ट रोडजवळचं पाणी वळवायचं काम पालिका आणि मध्य रेल्वे यांनी मिळून केलं. दोघांनी मनावर घेतलं की होतं. पण शहराचं संरक्षण दोन अधिकाऱ्यांच्या सौजन्यावर सोडता येत नाही. कायद्यात बदल करून पालिकेच्या हद्दीतल्या प्रत्येक जलप्रवाहावर, तो कोणाच्याही जमिनीतून जात असो, पालिकेचा पाहणीचा, सफाईचा आणि अटकाव करण्याचा हक्क लिहावा लागेल. केंद्राच्या जमिनींबद्दल दिल्लीशी भांडावं लागेल. ते नव्या सभागृहाने आणि मुंबईच्या खासदारांनी करायचं काम आहे.

या सगळ्यात मला एक भीती वाटते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नदीकाठ मोकळा करायचा अधिकार कुठल्याही यंत्रणेला दिला की तो आधी गरिबावर चालतो. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं हटवून त्यांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरात नेऊन ठेवलं होतं. ती जागा राहण्यायोग्य नाही, म्हणून उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. मिठीच्या काठावर ते पुन्हा होता कामा नये. क्रांतीनगरच्या माणसांना पात्रातून हलवायचं असेल तर कुर्ल्याच्या आसपासच, नोकरी-शाळेच्या टप्प्यात घर द्यावं लागेल. आणि त्यांना नोटीस द्यायच्या आधी पहिल्या नोटिसा नदीला वळवणाऱ्या विमानतळाला, तिच्या मुखाशी भराव घातलेल्या एमएमआरडीएला आणि मिठागरं धरून बसलेल्या केंद्राच्या खात्याला गेल्या पाहिजेत. पाण्याला सगळ्यात जास्त जागा त्यांनी द्यायची आहे.